आणलेलं पाणी

स्टुडिओत तिला सगळे आरसेवाली म्हणत. खरं तर आरसा तिथे प्रत्येकाच्याच टेबलावर होता. हाताने चित्रं काढून सिनेमा करणाऱ्यांचं आरशावाचून पानच हलत नाही. रडणारं माणूस काढायचं तर आधी आपण रडून बघायचं, ओठ कुठे वळतो, भुवई कुठे चढते ते नीट पाहायचं आणि मग पेन्सिल उचलायची. बाकीचे हे काम मान खाली घालून, चोरून करत. हिला लाज नावाची गोष्टच नव्हती. म्हातारीचं पात्र आलं की ही कंबर वाकवून खोलीभर फिरणार, चोर आला की कपाटामागे दडणार. एकदा मालक बड्या पाहुण्यांना स्टुडिओ दाखवायला घेऊन आले, तेव्हा ही कुत्रा होऊन खुर्चीचा पाय हुंगत होती. पाहुण्यांनी नमस्कार केला तरी हिने आधी चौथा पाय पूर्ण केला आणि मगच उठली.

त्या धंद्यात एक म्हण आहे: ज्याच्या घरी जे माणूस, त्याच्या पेन्सिलीत तेच. मागची दृश्यं रंगवणारा एक मिशीवाला होता. तो कधीमधी पात्रंही काढी, आणि त्याने काढलेल्या प्रत्येक राणीचा हात कमरेवर असे. त्याची बायको एकदा घराची किल्ली द्यायला आली, दारात उभी राहिली, आणि सगळा स्टुडिओ खो खो हसत सुटला. बिचारीला शेवटपर्यंत कळलं नाही की काय झालं. आरसेवालीही तेव्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. आपल्या घरीही एक माणूस आहे, हे तिच्या मनात आलं नाही.

घरी बाबा होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. हिचं लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि एक दिवस ही बॅग घेऊन माहेरी परत आली. दुसऱ्या कुणाच्या बापाने चार प्रश्न विचारले असते, नातेवाइकांना फोन केले असते. बाबांनी चकार शब्द काढला नाही. तिची जुनी खोली तेवढी झाडून, चादर घालून ठेवली होती. असा नाकासमोर चालणारा माणूस. आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केली, कुणावर आवाज चढवला नाही, पोरीला रंगांची पहिली पेटी आणून दिली आणि भिंतींवर चित्रं काढली तरी रागावले नाहीत.

बाबांचे नियम मात्र होते, आणि ते तिला बाराखडीच्या आधी पाठ झाले होते. कुणाच्याही घरी जाताना दाराशी बूट पुसायचे. आधी डावा, मग उजवा. बसल्यावर टोपी दुसऱ्याच्या टेबलावर टाकायची नाही, आपल्याच गुडघ्यावर ठेवायची. आणलेलं पाणी नाकारायचं नाही. आणि पिऊन झालं की ग्लास पालथा ठेवायचा, म्हणजे त्यात माशी पडत नाही. या शेवटच्या नियमावर आई करवादायची, कारण टेबलावर ओलं वर्तुळ उमटे. मग बाबा ते शर्टाच्या बाहीने हळूच पुसून टाकत आणि आईकडे बघून हसत.

तर स्टुडिओत एक नवा सिनेमा आला. दिग्दर्शन करणारी बाई आरसेवालीच्याच वयाची, केस बारीक कापलेली, तोंडाने फटकळ. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. सिनेमा तिच्या स्वतःच्या लहानपणाचा होता. सरकार उलथलं, त्या वर्षांत एक मुलगी कशी मोठी झाली त्याची गोष्ट. शाळेतल्या पुस्तकांची पानं फाडायला लावतात, त्याच आठवड्यात पोरीचा पुढचा दात पडतो. चौकातला पुतळा पाडतात, त्या दिवशी आई तिची वेणी कापते. शेजारची घरं एकेक करून रिकामी होतात आणि पोरीचे फ्रॉक एकेक करून आखूड होत जातात. आरसेवालीला ही गोष्ट फार आवडली. पण तिला ती दुसऱ्या गावची वाटली, हे खरं आहे. तीही त्याच शहरात, त्याच वर्षांत वाढली होती. तिला काय आठवत होतं? शाळेला लांबलचक सुट्टी. बाबांना न्यायला संध्याकाळी येणारी काळी गाडी, आणि गल्लीतल्या पोरांमध्ये त्या गाडीमुळे वाढलेला आपला भाव.

बाईंनी तिच्याकडे टोपीवाल्याचा प्रसंग दिला. संध्याकाळची वेळ, तीन-चार माणसं घरात येतात, त्यांच्यातला टोपीवाला बोलतो, आणि पोरीच्या वडलांना घेऊन जातात. पोरगी पडद्याआडून बघते. पडद्यावर हे सगळं मिनिटभराचं काम.

"त्याचा चेहरा मला आठवत नाही. तोंडावर टोपीची सावली टाक," बाई म्हणाल्या. "पण एक ध्यानात ठेव. तो गुंड नव्हता. सभ्य होता. इतका सभ्य माणूस आमच्या घरी त्याआधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. भीती त्या सभ्यपणाचीच वाटली पाहिजे."

"कसा सभ्य? म्हणजे काय करायचा?"

"ते तू बघ. तुला पगार कशाचा देतात?"

आता तिला सभ्य माणूस काढायचा होता. माणसाला जे येतं तेच तो करतो. ती आरशासमोर उभी राहिली, आणि तिच्या ओळखीचा जो सर्वांत सभ्य माणूस, तोच आपसूक तिच्या अंगात आला. दाराशी बूट पुसले, आधी डावा, मग उजवा. उंची बेताची असूनही चौकटीखाली जरा मान लवली. खुर्चीच्या कडेवर बसून टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि डोक्यावरची टोपी गेल्यावर चेहऱ्याला सावली कशाची, म्हणून दिवा पाठीमागे घेतला. मग प्रश्न आला हातांचा. चित्रातल्या माणसाचे हात रिकामे राहिले की तो लाकडाचा दिसतो. गोष्टीत लिहिलेलं नव्हतं तरी तिने त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. तो पाणी प्यायला, ग्लास टेबलावर पालथा ठेवला, बाहीने ओलं वर्तुळ पुसलं. चित्रांमागून चित्रं होत गेली. काम इतकं सुरेख उतरलं की ती स्वतःवरच खूश झाली.

पेन्सिलीची कच्ची चित्रं एकामागून एक लावून आधी नुसती हालचाल बघतात. त्या दिवशी दुपारी पडदे ओढले, सगळे जमले. टोपीवाल्याने बूट पुसले तेव्हा मिशीवाला म्हणाला, "वा, जावई शोभतो!" लोक हसले. टोपी गुडघ्यावर गेली. पाणी प्यायलं गेलं. ग्लास पालथा झाला.

"दिवे लावा," बाई म्हणाल्या.

आवाज असा होता की मिशीवाल्याचं हसू ओठांवरच राहिलं. दिवे लागले. बाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, आरसेवालीला थांबवून घेतलं आणि दार लावलं.

"पाणी मी लिहिलं नव्हतं."

"हातांना काहीतरी काम हवं होतं, बाई. नको असेल तर काढते."

"तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही! आपलं सुचलं."

बाई खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. हात कुठे ठेवावेत हे त्यांनाही कळत नव्हतं.

"त्याने पाणी मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईकडे. अगदी नम्रपणे, 'ताई, जरा पाणी मिळेल का?' आई आत गेली. ती ग्लास घेऊन बाहेर आली तेव्हा माझे बाबा घरात नव्हते. गाडीचा आवाज आला होता. तो एकटा बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. आई सांगायची, तिच्या हातातून ग्लास घेतला, प्यायला, पालथा ठेवला. टेबल पुसलं. बाहीने, तू काढलंस तसंच. आणि गेला." त्यांनी श्वास घेतला. "आई तो ग्लास कुणाला उचलू देईना. मरेपर्यंत म्हणत राहिली, मी पाणी आणायला गेले नसते तर त्यांना नेऊ दिलं नसतं. आलेल्या कुणालाही पुन्हा तिने आपल्या हाताने पाणी दिलं नाही. हे मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. सिनेमातही घातलं नाही, कारण ते आईचं होतं. आणि तू म्हणतेस सुचलं!"

 बाईंनी डोळे पुसले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी पडद्याआडही नव्हते. टेबलाखाली होते. पण टेबलाखालून नुसते पाय दिसतात, प्रसंग दिसत नाही, म्हणून पोरीला पडद्याआड उभं केलं. म्हटलं, कुणाला कळणार आहे?"

आरसेवाली बसने घरी निघाली. ग्लास पालथा ठेवणारी माणसं काय कमी असतील? बूट तर निम्मं जग पुसतं. असं ती मनाला समजावत होती आणि मन काही ऐकत नव्हतं. भलत्याच वेळी तिला ती काळी गाडी आठवली. एकदा गाडी दारात उभी असताना ती मागच्या सीटवर जाऊन बसली होती, आणि सीटखाली तिला एक चष्मा सापडला होता. एक काच तडकलेली. "कुणीतरी विसरलं असेल, ठेव तुला," बाबा म्हणाले होते. तिने तो बाहुलीला घातला. शाळेत नेऊन दाखवला. बाहुली मास्तरीण झाली म्हणून आई किती हसली होती!  चष्मा विसरून माणूस गाडीतून उतरून जातो कसा, हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता. स्वतःचाच तिला धक्का बसला. एवढी घोडी झाले, म्हाताऱ्या काढल्या, चोर काढले, आणि हे कधी डोक्यात आलं नाही?

घरी बाबा बाल्कनीत ऊन होतं तिथे बसून बूट पॉलिश करत होते. स्वतःचे झाले होते, आता तिचे चालले होते. रोजचं काम. तिला वाटलं, विचारूच नये. पण फोनमध्ये कच्ची चित्रं होती, आणि ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ती म्हणाली, "बाबा, माझं नवीन काम बघता का?"

बाबांनी हात पुसले, चष्मा लावला. टोपीवाला दाराशी आला, बूट पुसले, आत आला, बसला. बाबांचा चेहरा खुलला.

"अगं, हा तर मी!" ते लहान मुलासारखे हसले. "बघ, बाहीसुद्धा. तुझी आई असायला हवी होती. पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. या खेपेला ते टोपीवाल्याकडे बघत नव्हते. खोलीकडे बघत होते. मिशीवाल्याने बाईंच्या सांगण्यावरून ती खोली काढली होती, खिडकी, कपाट, दिवा, सगळं जागच्या जागी. बाबांचं हसू हळूहळू मावळलं.

"कुणाचं घर आहे हे?"

"आमच्या बाईंचं. लहानपणचं."

बाबांनी फोन परत दिला. ब्रश उचलला, तिच्या बुटाच्या टाचेवरून दोनदा फिरवला.

"पोरगी पडद्याआड नव्हती," ते म्हणाले. "टेबलाखाली होती. पाय दिसत होते. एका पायात मोजा होता, एक पाय उघडा."

 रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, आणि तिला ब्रशचा आवाज तेवढा ऐकू येत होता. ते नाही म्हणतील, हसतील, वेडी आहेस का म्हणतील, यासाठी ती बसभर नवस बोलत आली होती. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी तिची चूक दुरुस्त केली, लहानपणी चित्रात कावळ्याचे पाय सुधारून देत तशी.

"पाणी का मागितलंत?" तिचा आवाज तिला ओळखू येईना.

"बायका समोर असल्या की हात धरून बसतात, बाळ. मग पोरं रडतात, शेजारी दारं उघडतात. पाणी मागितलं की बाई आत जाते. कुठल्याही घरातली. कधीच कुणी नाही म्हटलं नाही." ते अगदी सरळ सांगत होते, कचेरीतली पद्धत सांगावी तसं. "तेवढ्यात बाकीचे नेत. साहेब म्हणायचे, तू गेलास की आरडाओरडा होत नाही. म्हणून मलाच पाठवत. इतर जण दारं मोडायचे, लोकांना मारायचे. मी कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. आवाज चढवला नाही."

"कधीच कुणी नाही म्हणजे? किती घरं, बाबा?"

त्यांनी दुसरा बूट उचलला.

"आणि ते पाणी? माणसाला नेल्यावर ते पाणी तुम्ही प्यायलात?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता, हे त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं, आणि तिला सगळ्यांत मोठा धक्का त्याचा बसला.

"आणलेलं पाणी नाकारू नये," ते म्हणाले.

"त्यांना नेलं कुठे?"

"गाडीपर्यंत माझं काम. पुढचं खातं वेगळं होतं." त्यांना ठसका लागला. "जरा पाणी दे गं."

ती उठली. इतक्या वर्षांची सवय, पाय आपणहून स्वयंपाकघराकडे वळले. उंबऱ्याशी पोचली आणि तिथेच थिजली. पाठ फिरवायची तिला भीती वाटली. घरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, कुणाला न्यायला कुणी येणार नव्हतं, हे सगळं तिला कळत होतं. तरीही पाय उचलेना. आई किती वेळा अशी पाणी आणायला उठली असेल, आपणही किती वेळा उठलो, हे तिच्या मनात आलं.

"आपलं आपण घ्या, बाबा," ती म्हणाली. बापाला असं ती जन्मात पहिल्यांदा बोलली.

बाबा उठले. तिच्या बाजूने आत गेले, नळाखाली ग्लास धरला, प्यायले. ग्लास ओट्यावर पालथा ठेवला. मग बाहीने भोवतालचं पुसलं, आणि तिच्याकडे बघून, सवयीने, हसले.

त्या माणसावर तिचा जीव होता. हीच तर पंचाईत होती. राक्षस असता तर किती सोपं झालं असतं. राक्षसाचे बूट काढून बाहेर फेकता येतात. हिचे बूट त्याने पॉलिश करून दाराशी जोडीने लावून ठेवले होते, आणि सकाळी तेच घालून ती कामावर गेली.

स्टुडिओत बाई आधीच येऊन बसल्या होत्या. आरसेवालीच्या टेबलाशीच. टेबलावरचा आरसा त्यांनी भिंतीकडे वळवून ठेवला होता.

"मी काल बोलले ते विसर," बाई म्हणाल्या. "योगायोग असतात. प्रसंग फार छान झालाय. ग्लास राहू दे. आईला चाललं असतं, असं मला रात्रभर वाटत राहिलं."

इथे गप्प बसता आलं असतं. बाईंनी दार उघडून दिलं होतं, हिला नुसतं बाहेर पडायचं होतं. घरी म्हातारा बाप, वर्षं राहिली किती? ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. गप्प बसणं म्हणजे आपणही पाणी मागितल्यासारखंच आहे, असं तिला वाटलं.

"बाई, तुमच्या एका पायात मोजा नव्हता."

बाईंनी मान वर केली.

"टेबलाखाली होतात तेव्हा. एका पायात होता, एक पाय उघडा होता. तुम्ही त्यांना दिसला होतात."

"कुणाला?"

"माझ्या बाबांना."

बाहेरच्या खोलीत मिशीवाला कुणाची तरी थट्टा करत होता आणि लोक हसत होते.  त्यांनी आरडाओरडा केला असता, थोबाडीत मारली असती तरी तिला बरं वाटलं असतं. बाईंची नजर खाली गेली, स्वतःच्या पावलांकडे.

"जिवंत आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आत्ता घरी आहेत?"

"हो. पण बाई, कुठे नेलं ते त्यांना माहीत नाही. म्हणतात, पुढचं खातं वेगळं होतं."

"ते मला सांगू देत." बाई उठल्या. टेबलाची कड धरूनच उठल्या, पण उठल्या. खांद्याला पर्स अडकवली. "चल."

दोघी जिना उतरल्या. रस्त्यावर आल्यावर बाई थांबल्या. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले.

"एक कर," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर मला पाणी विचारू नकोस. आणि त्याने मागितलं, तर जागची उठू नकोस."